लाल ठिपक्याची वाट

११ मार्च, मंगळवार

दोन बाण उलटे! एक द्राक्षमळ्याच्या वरच्या बाकापाशी, दुसरा जुन्या पाणवठ्याच्या भिंतीवर. ह्यांनी काल लावले, मी आज पाहिले. गावाकडे दाखवायचे ते जंगलाकडे दाखवत होते. स्क्रूड्रायव्हर पर्समध्ये टाकूनच गेले होते. दोन्ही फिरवले. कुणी पाहिलं नाही.

कळलं ते बेकरीत. सकाळी एक जोडपं कुत्र्यासकट उभं होतं, गुडघ्यापर्यंत चिखल. पाट्यांच्या भरवशावर चाललो आणि तासभर त्याच बाकापाशी परत येत राहिलो, असं बाई काउंटरवरच्या मुलीला सांगत होती. मी ब्रेड न घेताच बाहेर पडले. कान गरम झाले होते.

सोळा वर्षं हे एर्लनश्टाइनचे वेगेवार्ट आहेत. गावाभोवतीच्या पायवाटा राखायच्या, पाट्या लावायच्या, आडव्या आलेल्या फांद्या छाटायच्या. वांडरफेराइनने, म्हणजे इथल्या पदभ्रमण मंडळाने, हे काम पहिल्यांदाच बाहेरच्या माणसाला दिलं, म्हणून तेव्हा पेपरात फोटो आला होता. हातात हातोडा आणि डोक्यावर ती भयंकर हिरवी टोपी! नेकारसुल्मला एकतीस वर्षं इंजिनिअर म्हणून राबले, तेव्हा फोटो कुणी काढला नाही. तो पेपर अजून जिन्यात फ्रेम करून लावलाय.

पाटी लावली की ती वाट दोन्ही बाजूंनी चालून बघायची, अनोळखी माणसासारखी. हा ह्यांचा नियम. नियम अजून आठवतो. बाण कुठे वळवायचा ते आठवत नाही.

जानेवारीत हाइलब्रॉनच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर एक घड्याळ काढायला लावलं. ह्यांनी काटे काढले, आकडे विसरले. बाई म्हणाल्या, ही सुरुवात आहे. गाडीत बसल्यावर आम्ही ठरवलं, कुणाला सांगायचं नाही. आमच्या लेकीला, अवनीलाही नाही. म्हणजे मी ठरवलं, ह्यांनी मान हलवली.

१२ मार्च

आजपासून असं. हे पुढे, मी एक दिवस मागे.

१५ मार्च, शनिवार

बाजार. अजून काही फार आलेलं नाही, रानलसणीच्या जुड्या आणि गेल्या वर्षीची सफरचंदं. अंडीवाल्याने ह्यांना नेहमीसारखी दहा दिली. ह्यांनी पैसे दिले, चार पावलं गेले, परत येऊन आणखी दहा मागितली. अंडीवाला माझ्याकडे बघून हसला. मी म्हटलं, पाहुणे येणार आहेत. आता घरात वीस अंडी आहेत.

पाहुणे खरोखरच येणार आहेत म्हणा. चर्चच्या पायरीपाशी फेराइनचे अध्यक्ष हेर कोबर्ले भेटले. वेल्समधलं लान्बेर्थ हे आमच्या गावाचं जोडगाव, ट्विन टाउन. त्याला वीस वर्षं झाली, म्हणून तिथून चौदा माणसं एक मेला येतायत. कोबर्ले ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, लाल ठिपक्याची वाट चकाचक पाहिजे, उल्हास, शनिवारी सगळ्यांना तूच नेणार. हे म्हणाले, "गेनाऊ, गेनाऊ." गेनाऊ म्हणजे अगदी बरोबर. अलीकडे हा शब्द फार कामी येतो.

ती वाट म्हणजे ह्यांचं बाळ. २०१२ साली आम्ही लान्बेर्थला गेलो होतो. आपल्या तालुक्याच्या गावाएवढं गाव. मधोमध घड्याळाचा मनोरा, बुधवारी मेंढ्यांचा बाजार, आणि गावातून निघून टेकडी चढून, ओढ्याने उतरून पुन्हा गावात आणणारी गोल वाट. सहा दिवसांत ती आम्ही चार वेळा चाललो. हे परत आल्यावर म्हणाले, असली एक वाट इथे पाहिजे. दोन वर्षं नकाशे काढत बसले. बाजारचौकातून द्राक्षमळ्यात, तिथून जंगलात, मग क्लिंगेत उतरायचं — इकडे अरुंद घळीला क्लिंगे म्हणतात — लाकडी पुलावरून ओढा ओलांडायचा आणि पाणचक्कीवरून घरी.

लान्बेर्थला आम्ही ग्लेनिसकडे उतरलो होतो. निवृत्त शाळामास्तरीण, एकटी. न विचारता दुधाचा चहा केला, तेव्हाच मला आवडली. मोडक्या इंग्रजीत मी बोलायचे, ती वेल्श सुरात. रोज मला हात धरून कुंपणांच्या पायऱ्या ओलांडायला लावायची. म्हणायची, नाकासमोर चालायचं नाही, बाणासमोर चालायचं. दर ख्रिसमसला तिचं पत्र येतं. आता एकोणऐंशीची आहे, आणि येणार आहे! आमच्याकडेच उतरणार.

ती यायच्या आत काही उघडकीला येता कामा नये. कोबर्लेला कळलं तर ओरडणार नाही तो. केक आणेल, प्रशस्तिपत्र देईल, आणि पाट्या-हत्यारांच्या शेडची किल्ली मागून घेईल. किल्ली गेली की हे सकाळी उठतील कशाला?

२२ मार्च, शनिवार

तळघराच्या जिन्याला लाल-पांढरी फीत बांधली! शेडमधून आणलेली, झाड पडलं की वाट बंद करायला वापरतात ती. दोन्ही कठड्यांना आडवी, घट्ट. मी विचारलं, हे काय? "पायरी खचलीये. कुणी पडेल." मी सगळ्या बारा पायऱ्या उतरून नाचून दाखवल्या. एकही खचलेली नाही. हे बघत राहिले. मग म्हणाले, मग कुठली खचलीये?

फीत सोडली, गुंडाळून ठेवली. रडले नाही. बटाटे सोलले.

३ एप्रिल

अवनीचा ब्राउनश्वाइगहून फोन. मी मराठीत, ती जर्मनमध्ये, नेहमीप्रमाणे. बाबा फोनवर येत का नाहीत, विचारलं. म्हटलं, बाहेर गेलेत, पाट्या. ती म्हणाली, सतत पाट्याच! हे शेजारच्या खोलीत मोजे कुठल्या पायाचे ते बघत बसले होते.

एवढं खोटं मी आयुष्यात बोलले नव्हते. सवय होते.

१० एप्रिल

पाच फेऱ्यांत एकूण अकरा चुका. सगळ्या दुरुस्त. बाजारात कुणाची तक्रार नाही. ह्यांना काही माहीत नाही. गुडघा सुजलाय, पण वाट सरळ आहे.

१५ एप्रिल, मंगळवार

आज मात्र हद्द झाली.

हे काल दिवसभर क्लिंगेकडे होते. मी आज गेले. जिथे वाट घळीत उतरते, तिथल्या फाट्यावर लाल ठिपक्याचा बाण वरच्या लाकूडतोडीच्या रस्त्याकडे वळवलेला! आणि खाली उतरणाऱ्या वाटेला ती फीत. दोन बीचच्या झाडांना आडवी, तळघरात होती तश्शीच, तीच गाठ.

नकाशा माझ्याजवळ होता, फेराइनने छापलेला, ह्यांनीच काढलेला. लाल ठिपका खाली पुलाकडेच जातो. वरचा रस्ता कुठल्याच नकाशात ठिपक्याचा नाही. तिथे उभं राहून मोठ्यांदा म्हणाले, अहो, काय हे! झाडांनी ऐकलं.

गाठ सुटेना. दातांनी सोडवली. बाण पुन्हा खाली वळवला, स्क्रू आवळले. घळीत उतरून बघावं असं एकदा वाटलं, पण एकशे ऐंशी पायऱ्या, आणि हा गुडघा. उतरले असते, पण चढले नसते. फीत कोटाच्या खिशात टाकली आणि परत आले.

हे खिडकीत बसून वहीत लिहीत होते. ती ह्यांची कामाची वही, हिरव्या पुठ्ठ्याची, सगळी मराठीत. सोळा वर्षांत कोबर्लेला त्यातलं अक्षर कळलेलं नाही. मी काही विचारलं नाही. ह्यांनी विचारलं, कुठे गेली होतीस? म्हटलं, कोथिंबीर बघायला.

२२ एप्रिल, मंगळवार

पुन्हा तेच! ईस्टरच्या सुट्टीत दोन दिवस पाऊस होता म्हणून घरी होते. काल ऊन पडल्याबरोबर गेले. आज मी मागून. बाण वर. नवी फीत, या वेळी दोन पदरी.

पुन्हा सोडली. पुन्हा फिरवला.

घरी येऊन फोन हातात घेतला. कोबर्लेला नुसतं विचारावं, वाट कुठे बदललीये का? नंबर अर्धा लावला. मग विचार केला. मी एक प्रश्न विचारला की तो दोन विचारणार. वाट उल्हासने बदलली का? तुम्हाला कसं माहीत, तुम्ही त्याच्या मागे का फिरता? फोन ठेवला.

आणि हे जेवताना म्हणाले, "कोणीतरी माझ्या पाट्या फिरवतंय."

आमटी वाढता वाढता मी म्हणाले, "अहो, कोण कशाला फिरवेल? तुम्ही विसरता."

ह्यांनी भात तसाच ठेवला. थोड्या वेळाने ताट उचलून सिंकमध्ये ठेवायला गेले आणि फ्रिजमध्ये ठेवलं.

२३ एप्रिल

आज हे बाहेर पडले नाहीत. हिरवी टोपी खुंटीलाच. मला हायसं वाटलं, खरं सांगते.

३० एप्रिल, बुधवार

ग्लेनिस आली! एक दिवस आधीच, एकटी, विमानाने श्टुटगार्टपर्यंत आणि पुढे रेल्वेने. तोच पिवळा रेनकोट. खांद्यात वाकलीये, हात मात्र तसाच घट्ट. चहा प्यायली, घर पाहिलं, जिन्यातल्या फोटोसमोर थांबली. ह्यांना म्हणाली, ही टोपी अजून आहे? हे खूप दिवसांनी हसले. तिच्याशी इंग्रजीत बोलताना कुठे अडखळलेही नाहीत. मला वाटलं, बघा, कुठे काय झालंय!

संध्याकाळी तिला नकाशा दाखवला. ही तुमच्या लान्बेर्थवरून काढलेली वाट. ती बोट फिरवत गेली, चौक, मळे, जंगल, पूल. म्हणाली, शनिवारपर्यंत मला थांबवत नाही. गर्दीत चालायला तिला कधीच आवडलं नाही. मी म्हटलं, परवा सकाळी जा. वाट नीट आहे, मी स्वतः बघितलीये.

मी स्वतः बघितलीये. असंच म्हणाले.

२ मे, शुक्रवार

क्रमाने लिहायचा प्रयत्न करते.

साडेसातला ग्लेनिस तयार, बूट बांधून. मी पोहे टाकले होते. म्हणाली, आल्यावर खाईन, अडीच तासांत येते. हे टेबलाशी कॉफी घेऊन बसले होते. तिने बोट नकाशावर ठेवून ह्यांना विचारलं, चांगली आहे ना वाट? हे तिच्याकडे बघून म्हणाले, "खालून नका जाऊ. वरून जा."

मराठीत. तिच्याशी मराठीत! सकाळच्या वेळी असं होतं, भाषा एकमेकींत मिसळतात. तिने हसून माझ्याकडे पाहिलं, काय म्हणतायत? मला लाज वाटली. कशाची लाज? म्हणाले, तुला शुभेच्छा देतायत.

ती गेली. पिवळा कोट खिडकीतून चौकापर्यंत दिसला.

दहाला आली नाही. साडेदहाला नाही. अकराला सायरन ऐकला, चक्कीच्या बाजूने. पुलाचा एक वासा आतून कुजला होता. ती मध्यावर असताना कठड्यासकट बाजू गेली. चार मीटर खाली, दगडांत. कुत्रं फिरवणाऱ्या एकाने कोट पाहिला. पिवळा होता म्हणून दिसला.

जिल्ह्याच्या इस्पितळात नेलंय. शुद्ध नाही. डॉक्टर मला काही सांगेनात, मी नातेवाईक नाही.

पोहे अजून कढईत आहेत.

३ मे

शुद्ध नाही. आजचं सगळ्यांचं चालणं रद्द. वेल्सची माणसं हॉटेलच्या आवारात घोळक्याने उभी होती. मी गेले तेव्हा एकीने मला मिठी मारली. मला! पोलीस येऊन गेले. फाट्यावरच्या बाणाचे फोटो काढले म्हणे. बाण नकाशाप्रमाणे होता.

५ मे, सोमवार

ग्लेनिस काल दुपारी गेली. तिचा पुतण्या कार्डिफहून पोचायच्या आत.

आज कोबर्ले आले. केक नाही, काही नाही, नुसतीच टोपी हातात. बसले. म्हणाले, पूल दर वसंतात तपासायचा असतो, ते वेगेवार्टचं काम. यंदा तपासणीची नोंद त्यांच्याकडे आलेली नाही. पोलीस विचारतायत. मी बोलणार एवढ्यात हे उठून उभे राहिले, शाळेत उभं राहावं तसे. जर्मनमध्ये, एकही चूक न करता म्हणाले, "माझ्याकडून राहिलं असणार. मला आजार आहे. जानेवारीपासून. मी विसरतो."

दोन महिने ज्यासाठी मी पर्समध्ये स्क्रूड्रायव्हर घेऊन फिरले, ते ह्यांनी एका दमात सांगून टाकलं.

कोबर्लेचे डोळे भरले. आल्झो, म्हणजे असं आहे तर, उल्हास, एवढंच म्हणाले. ह्यांनी खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. वही पण दिली, कामाची आहे, शेडच्या किल्लीबरोबर असते म्हणून.

नंतर हे दिवसभर एकच वाक्य. "मी मारलं तिला." मी म्हणते, नाही हो. हे म्हणतात, मग कुणी?

६ मे

अवनी आली, सगळं कळल्यावर. माझ्याशी मराठीत बोलली. लहानपणानंतर पहिल्यांदा. "का नाही सांगितलंस, आई?" एवढंच. 

८ मे, गुरुवार

कोबर्ले वही घेऊन आले. हे आणि अवनी फिरायला गेले होते, चौकापर्यंतच. दारातच म्हणाले, फ्राऊ मोघे, हे तुमच्या भाषेत आहे, आम्हाला वाचता येत नाही. एप्रिलमध्ये पुलाबद्दल काही लिहिलंय का? लिहिलं असेल तर फार फरक पडतो. पूल खराब आहे हे त्याला दिसलं होतं आणि त्याने काही केलं होतं, असं निघालं तर त्याच्यावर काही येत नाही. मलाही बरं वाटेल, म्हणाले. गावालाही.

मी वही घेतली. पान शोधायला वेळ लागला नाही. अक्षर वाकडं, पण वाचता येतं. इथे उतरवून ठेवते, म्हणजे कुठेतरी राहील —

"१४ एप्रिल. क्लिंगे. पूल — डावा वासा आतून कुजला, सुरी मुठीपर्यंत जाते. धोका. बाण वरच्या रस्त्याला वळवला. खाली फीत बांधली. दोन्ही बाजूंनी चालून पाहिलं, अनोळखी माणूस वरूनच जाईल. कोबर्लेला सांगणे."

शेवटच्या वाक्यापुढे बरोबरची खूण नाही. सांगायचं राहून गेलं. बाकी सगळं आठवलं होतं.

आणि खाली: "२१ एप्रिल. फीत नाही. बाण खाली. कोण? पुन्हा बांधली, दोन पदरी."

त्याच्याखाली, तारीख नाही: "अहिल्या म्हणते मी विसरतो."

 दाराची चौकट धरली. माझा कोट मागे खुंटीला होता, दोन्ही फिती त्याच्या खिशात. कोबर्ले वाट बघत होते. मी म्हणाले, अक्षर फार खराब आहे, उद्या नीट वाचून सांगते. ते म्हणाले, सावकाश, फ्राऊ मोघे, सावकाश.

उद्या सांगायचं. सगळं. पहिल्यांदा कोबर्लेला, मग पोलिसांना, मग ह्यांना. नाही, पहिल्यांदा ह्यांना. ह्यांना कळलंच पाहिजे की ह्यांचं बरोबर होतं.

९ मे, शुक्रवार

कोबर्लेला फोन केला. म्हटलं, पुलाचं काही लिहिलेलं नाही. वही परत मागितली नाही त्यांनी. आठवण म्हणून ठेवा म्हणाले.

हे शेजारीच बसले होते. फोन ठेवल्यावर विचारलं, "मी तिथे फीत बांधली होती ना गं?"

"नाही," मी म्हणाले.

ह्यांनी मग माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "बरं झालं, तू माझ्या मागे असतेस."